‘नाकारणे’ एक, इंग्रजी क्रियापदे चार: जवळच्या अर्थाच्या क्रियापदांमधून निवड कशी करावी

आपण लिहिले आहे की ‘ही डिनाइड टू कम’, ‘शी सेड मी द ट्रुथ’ आणि ‘आय ॲम फाइंडिंग माय कीज’ ही आपली तीन वाक्ये तपासणाऱ्याने चुकीची ठरवली. परंतु शब्दकोश उघडला तर ‘डिनाय’ म्हणजे नाकारणे, ‘से’ म्हणजे सांगणे आणि ‘फाइंड’ म्हणजे शोधणे असेच अर्थ सापडतात. मग चूक नेमकी कोठे झाली, आणि सारख्याच अर्थाच्या दोन-तीन क्रियापदांमधून एक निवडण्याचा काही नियम आहे का, असा आपला प्रश्न आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना आणि अनुवाद तपासताना हा प्रश्न माझ्यासमोर अनेक वर्षे सतत येत राहिला आहे. आपण शब्दांचे अर्थ बरोबर पाठ केले आहेत, यात शंका नाही. अडचण अशी आहे की क्रियापदाचा मराठी अर्थ कळला म्हणजे ते क्रियापद कळले, हे गृहीतच अपुरे आहे. क्रियापद आपल्यापुढे कोणाला बसवून घेते, म्हणजे त्याच्यानंतर माणूस येतो, वस्तू येते, दुसरे क्रियापद येते की आख्खे उपवाक्य येते, हे त्याच्या अर्थाइतकेच महत्त्वाचे असते. आणि जवळच्या अर्थाची क्रियापदे बहुतेक वेळा नेमकी याच ठिकाणी एकमेकांपासून वेगळी होतात.

हे उलट्या बाजूने पाहिले तर लवकर पटते. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परभाषिकाने आपल्याला ‘लावणे’ या क्रियापदाचा अर्थ विचारला, तर आपण काय सांगणार? आपण दिवा लावतो तेव्हा तो उजळतो, दार लावतो तेव्हा ते बंद होते, झाड लावतो, मलम लावतो, गजर लावतो, सवय लावतो आणि एखाद्याच्या बोलण्याचा अर्थही लावतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत निराळे क्रियापद लागते, आणि आपल्याला मात्र सगळीकडे एकच ‘लावणे’ जाणवते. तो शिकणारा ‘लावणे’ हा शब्द एकटा पाठ करून कधीही मराठी बोलू शकणार नाही. त्याला ‘दार लावणे’ आणि ‘दिवा लावणे’ अशा जोड्याच शिकाव्या लागतील. इंग्रजी क्रियापदांच्या बाबतीत आपण नेमके त्याच्या जागी आहोत.

आता आपले पहिले वाक्य घेऊ, कारण ‘नाकारणे’ या एका मराठी क्रियापदाखाली इंग्रजीतील किमान चार क्रियापदे येतात आणि त्यांतील फरक अगदी स्पष्ट आहे. ‘डिनाय’ हे क्रियापद मुख्यतः एखादे विधान खोटे आहे असे सांगण्यासाठी वापरतात. कोणी आरोप केला, अफवा पसरली, आणि संबंधित माणूस म्हणाला की असे काही झालेलेच नाही, तर तो ‘डिनाय’ करतो. म्हणून ‘ही डिनाइड दॅट ही हॅड टेकन द मनी’ किंवा ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ अशी रचना होते. ‘रिफ्यूज’ मध्ये खरे-खोटे ठरवण्याचा प्रश्नच नसतो. तेथे समोर ठेवलेली गोष्ट करायला किंवा घ्यायला माणूस तयार नसतो. ‘ही रिफ्यूज्ड टू कम’ म्हणजे त्याने यायला नकार दिला. आपल्याला हेच म्हणायचे होते, म्हणून आपल्या वाक्यात ‘रिफ्यूज’ हवे होते. ‘रिजेक्ट’ मध्ये आधी विचार किंवा तपासणी गृहीत असते: अर्ज, प्रस्ताव, सिद्धान्त, सदोष माल या गोष्टी पारखून अयोग्य ठरवल्या जातात. ‘डिक्लाइन’ हे नम्र आहे. निमंत्रण ‘डिक्लाइन’ केल्याने समोरच्याचा मान राहतो, तेच निमंत्रण ‘रिफ्यूज’ केले असे लिहिले तर त्यात ताठरपणा दिसतो.

‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ ओळखण्याची एक खूण मी विद्यार्थ्यांना सांगतो. ‘डिनाय’ मागे पाहते आणि ‘रिफ्यूज’ पुढे पाहते. जे घडले किंवा जे आहे त्याविषयी एक बोलते. जे अजून व्हायचे आहे त्याविषयी दुसरे बोलते. म्हणूनच ‘रिफ्यूज’ नंतर ‘टू’ आणि क्रियापदाचे मूळ रूप येते, तर ‘डिनाय’ नंतर ‘इंग’ लागलेले रूप येते. इंग्रजीत हा कल इतरत्रही दिसतो: ‘रिमेम्बर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचे आहे ते विसरू नकोस, आणि ‘आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. हा नियम सगळीकडे काटेकोरपणे चालत नाही, ‘एन्जॉय’ आणि ‘अव्हॉइड’ यांच्यापुढे काळाचा विचार न करताही ‘इंग’ रूपच येते, परंतु जोड्या लक्षात ठेवायला त्याचा उपयोग होतो. ‘डिनाय’ ची आणखी एक रचना आहे जिच्यामुळे गोंधळ वाढतो: ‘ही वॉज डिनाइड एन्ट्री’, म्हणजे त्याला प्रवेश नाकारला गेला. तेथे मागे पाहण्याचा प्रश्न नाही. कोणाला तरी हक्काची किंवा हवी असलेली गोष्ट मिळू न देणे हा तेथला अर्थ आहे, आणि त्यात माणूस आणि गोष्ट दोन्ही कर्मे म्हणून येतात.

याच्या विरुद्ध बाजूला ‘मान्य करणे’ आणि ‘कबूल करणे’ आहे, आणि तेथेही हीच गत होते. ‘ही ॲक्सेप्टेड टू कम’ असे वाक्य मी असंख्य वेळा खोडले आहे. ‘ॲक्सेप्ट’ पुढे नाम हवे, म्हणजे भेटवस्तू, निमंत्रण, निर्णय, माफी. काही करायला तयार होणे यासाठी ‘अग्री टू’ आहे. आणि स्वतःची चूक किंवा अडचणीची गोष्ट कबूल करणे यासाठी ‘ॲडमिट’ आहे, ज्याच्या पुढे ‘डिनाय’ प्रमाणेच ‘इंग’ रूप किंवा उपवाक्य येते.

दुसरे वाक्य, ‘शी सेड मी द ट्रुथ’, अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण त्यातली चूक मराठीच्या घडणीतून आलेली आहे. एरवी या बाबतीत मराठी माणसाला मोठीच मदत आहे: आपल्याकडे ‘म्हणणे’, ‘सांगणे’ आणि ‘बोलणे’ अशी तीन वेगळी क्रियापदे आहेत, आणि ती अनुक्रमे ‘से’, ‘टेल’ आणि ‘स्पीक’ किंवा ‘टॉक’ यांच्या बरीच जवळ जातात. ‘तो म्हणाला की उशीर होईल’ यात शब्दांवर भर आहे, ‘त्याने मला सांगितले की उशीर होईल’ यात माहिती माझ्यापर्यंत पोहोचण्यावर भर आहे. इंग्रजीतही तसेच आहे. परंतु मराठीत आपण ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्याने मला सांगितले’ ही दोन्ही वाक्ये त्याच ‘मला’ने करतो. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींचा प्रत्यय ‘ला’ हाच असल्यामुळे, ज्याच्यावर क्रिया घडते तो आणि ज्याच्यापर्यंत क्रिया पोहोचते तो, असे दोघेही आपल्या कानाला सारखेच वाटतात. इंग्रजी त्यांच्यात फरक करते. ‘टेल’ ऐकणाऱ्याला थेट आपले कर्म करते, म्हणून ‘टेल मी’. ‘से’ चे कर्म केवळ बोललेले शब्द असतात, आणि ऐकणारा आणायचाच असेल तर त्याच्याआधी ‘टू’ ठेवावा लागतो, म्हणून ‘से टू मी’.

या एका ‘ला’ मुळे होणाऱ्या चुकांची रांग पाहिली म्हणजे त्याचे महत्त्व लक्षात येते. ‘मला समजावून सांगा’ यातून ‘एक्स्प्लेन मी’ येते, ‘मला सुचवा’ यातून ‘सजेस्ट मी’ येते, ‘मला वर्णन करून सांगा’ यातून ‘डिस्क्राइब मी’ येते, आणि या शेवटच्या वाक्याचा अर्थ तर माझे वर्णन कर असा होतो. योग्य रचना ‘एक्स्प्लेन इट टू मी’, ‘सजेस्ट अ नेम टू मी’, ‘डिस्क्राइब इट टू मी’ अशा आहेत. येथे एक उपयोगी कल सांगता येतो: फ्रेंच किंवा लॅटिनमधून आलेली, जडशी वाटणारी क्रियापदे ऐकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला सहसा थेट कर्म करत नाहीत, तर ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘सेंड’, ‘शो’ यांसारखी जुनी, आखूड क्रियापदे करतात. ‘गिव्ह देम मनी’ चालते, ‘डोनेट देम मनी’ खटकते. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ ही या कलाला ठळक अपवाद आहेत, आणि ‘से’ स्वतः जुने असूनही ऐकणाऱ्याला थेट कर्म करत नाही, म्हणून याला नियम म्हणू नये.

असे असूनही ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’, ‘टेल अ स्टोरी’ या प्रयोगांत ऐकणारा नसला तरी ‘टेल’ च येते. खरे, खोटे, गोष्ट, विनोद, गुपित अशा मोजक्या नामांशी ‘टेल’ ची कायमची सोयरीक आहे. आपण ‘गोष्ट सांगणे’ म्हणतो, ‘गोष्ट म्हणणे’ म्हणत नाही, तसेच हे आहे. मात्र आपण ‘खोटे बोलणे’ म्हणतो म्हणून ‘स्पीक अ लाय’ लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा; ‘स्पीक द ट्रुथ’ रूढ आहे, ‘स्पीक अ लाय’ नाही. जाता जाता एक गोष्ट सांगतो. ‘टेल’ चा एक जुना अर्थ मोजणे असा होता, आणि बँकेत पैसे मोजून देणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात ते त्याच अर्थाने. आज्ञा करायची असेल तरी ‘टेल’ च वापरावे: ‘शी टोल्ड मी टू वेट’. उलट, पाटी, पत्र, घड्याळ यांच्यावर काय लिहिले आहे हे सांगताना इंग्रजी सहजपणे ‘से’ वापरते. ‘द नोटीस सेज’ म्हणजे सूचनेत लिहिले आहे.

‘स्पीक’ आणि ‘टॉक’ यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. भाषा ‘स्पीक’ करतात, सभेत ‘स्पीक’ करतात, बोलणे थोडे औपचारिक किंवा एकतर्फी असेल तेथे ‘स्पीक’ शोभते. दोघांच्या गप्पांना ‘टॉक’ बरे. ‘टॉक अबाउट’ मध्ये ‘अबाउट’ हवे, आणि ‘डिस्कस’ मध्ये नको, कारण ‘डिस्कस’ विषयाला थेट कर्म करते. आपण ‘विषयावर चर्चा करतो’, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ आपल्या तोंडी येते.

क्रियापद कोणाला कर्म करते याविषयी शंका आली की कर्मणी वाक्य करून पाहावे. कर्म झालेला शब्द तेथे वाक्याच्या पहिल्या जागी येऊन बसतो. ‘आय वॉज टोल्ड’ बरोबर आहे, कारण ‘टेल’ चे कर्म माणूस असते. ‘आय वॉज सेड’ किंवा ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड’ होऊ शकत नाही. ‘स्टील’ आणि ‘रॉब’ यांचा फरक याच कसोटीवर सर्वांत स्वच्छ दिसतो. चोरी गेली ती वस्तू ‘स्टील’ चे कर्म, आणि लुटला गेला तो माणूस किंवा ती बँक ‘रॉब’ चे कर्म. म्हणून ‘माय फोन वॉज स्टोलन’ आणि ‘आय वॉज रॉब्ड’. ‘माय फोन वॉज रॉब्ड’ असे म्हटले तर फोनलाच कोणीतरी लुटले, असा अर्थ निघेल. मराठीतील ‘चोरणे’ आणि ‘लुटणे’ यांच्यात हाच भेद आहे, आपण तो इंग्रजीत नेत नाही इतकेच. जिंकण्याचेही तसेच: सामना ‘विन’ करतात, प्रतिस्पर्ध्याला ‘बीट’ करतात.

आता तिसऱ्या वाक्याकडे, म्हणजे किल्ल्यांकडे येतो. मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येथेच आहे. ‘फाइंड’ म्हणजे शोधणे हा अर्थ शब्दकोशातून घेतला की फसगत ठरलेली, कारण शोधण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘लुक फॉर’ किंवा ‘सर्च फॉर’ म्हणतात, आणि ‘फाइंड’ म्हणजे सापडणे. ‘आय लुक्ड फॉर माय कीज बट आय कुडन्ट फाइंड देम’ या वाक्यात दोन्ही आपापल्या जागी आहेत: मी किल्ल्या शोधल्या, पण मला त्या सापडल्या नाहीत. हे मराठी वाक्य पुन्हा एकदा वाचावे. पहिल्या भागात कर्ता ‘मी’ आहे, दुसऱ्या भागात ‘मला’ आहे. शोधणे माझ्या हातात होते, सापडणे माझ्या हातात नव्हते. आपली भाषा हा भेद इतक्या सहजपणे करते की तो आपल्या लक्षातही येत नाही.

हीच ‘मी’ आणि ‘मला’ची जोडी आता इतर क्रियापदांना लावून पाहावी. मी पाहतो, मला दिसते: पहिले ‘लुक ॲट’, दुसरे ‘सी’. मी ऐकतो, मला ऐकू येते: पहिले ‘लिसन टू’, दुसरे ‘हिअर’. मी आठवण ठेवण्यासाठी काही केले तर ते ‘मेमराइझ’ होईल, मला आठवते ते ‘रिमेम्बर’. शाळेत ‘सी’, ‘लुक’, ‘वॉच’ या तिघांनाही ‘पाहणे’ हाच अर्थ लिहून दिलेला असतो, आणि ‘दिसणे’ हा शब्द तेथे कोणी सुचवत नाही. तो सुचवला असता तर निम्मा गोंधळ टळला असता. ‘वॉच’ मात्र ‘मी’च्या बाजूलाच राहते: जे हलते, बदलते किंवा घडत आहे त्याच्याकडे काही काळ लक्ष ठेवून पाहणे म्हणजे ‘वॉच’. चित्राकडे ‘लुक ॲट’ करतात, सामना ‘वॉच’ करतात. चित्रपटगृहात जाऊन पाहिलेल्या चित्रपटाला ‘सी’ आणि घरी पडद्यावर पाहिलेल्याला ‘वॉच’ म्हणण्याकडे कल आहे, परंतु तेथे अदलाबदल झाली तर चूक मानत नाहीत.

या ‘मला’चा आणखी एक उपयोग आहे, आणि तो शिकवताना माझ्या फार कामी आला आहे. ज्या क्रियांना मराठीत ‘मला’ लागतो, त्या क्रियांची इंग्रजी क्रियापदे बहुधा चालू काळाचे रूप घेत नाहीत. मला कळते, मला आवडते, मला हवे आहे, मला वाटते, मला दिसते, मला आठवते. यांची इंग्रजी रूपे ‘अंडरस्टँड’, ‘लाइक’, ‘वॉन्ट’, ‘थिंक’, ‘सी’, ‘रिमेम्बर’ अशी आहेत, आणि ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ किंवा ‘आय ॲम वॉन्टिंग’ ही वाक्ये जाणकाराच्या कानाला टोचतात. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, यांपैकी एखादे क्रियापद चालू काळात येते तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो, आणि मराठीतही त्याच क्षणी ‘मला’ जाऊन ‘मी’ येतो. ‘आय थिंक’ म्हणजे मला वाटते. ‘आय ॲम थिंकिंग’ म्हणजे मी विचार करतो आहे. ‘आय सी’ म्हणजे मला दिसते किंवा मला कळले. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ म्हणजे मी उद्या डॉक्टरांना भेटणार आहे. ‘स्मेल’ चेही तसेच: मला वास येतो तेव्हा साधा काळ, मी वास घेऊन पाहतो तेव्हा चालू काळ. ‘नो’ साठी मराठीत ‘मला माहीत आहे’ येते तसे ‘मी ओळखतो’ही येते, तेथे ही खूण उपयोगी पडत नाही, आणि ‘नो’ चालू काळात येत नाही हे वेगळे लक्षात ठेवावे लागते. त्याच ‘ओळखणे’ मध्ये ‘रेकग्नाइझ’ ही दडलेले आहे: आधीपासून परिचय असणे म्हणजे ‘नो’, आणि समोर पाहताच हा तोच, असे कळणे म्हणजे ‘रेकग्नाइझ’.

प्रयत्न आणि फळ यांचा हा भेद ‘स्टडी’ आणि ‘लर्न’ मध्येही आहे. अभ्यास केला तो ‘स्टडी’, त्यातून जे आले ते ‘लर्न’. आपले ‘शिकणे’ दोन्हीकडे जाते, कारण ‘ती दहावीत शिकते’ येथे ‘स्टडी’ हवे आणि ‘ती पोहायला शिकली’ येथे ‘लर्न’. ‘शोध’ या शब्दाने आणखी एक जोडी झाकली आहे. आधीपासून असलेली परंतु माहीत नसलेली गोष्ट उघडकीला आणणे म्हणजे ‘डिस्कव्हर’, आणि नव्हती ती निर्माण करणे म्हणजे ‘इन्व्हेन्ट’. मराठीत दोन्हींचा शोधच लागतो. विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनस ग्रह ‘डिस्कव्हर’ केला, तो ज्या प्रकारच्या उपकरणातून दिसला ती दुर्बीण त्याआधी कोणीतरी ‘इन्व्हेन्ट’ केलेली होती. ‘सर्च’ वापरताना मात्र कर्माकडे लक्ष द्यावे: ‘सर्च द रूम’ म्हणजे खोलीची झडती घेणे, ‘सर्च फॉर द की’ म्हणजे किल्ली शोधणे, आणि ‘फॉर’ गाळून ‘सर्च द की’ म्हटले तर किल्लीचीच झडती घेतल्यासारखे होते.

‘राइझ’ आणि ‘रेझ’, ‘लाय’ आणि ‘ले’ या जोड्यांविषयी आपण विचारलेले नाही, पण त्यांचा उल्लेख केल्यावाचून हे उत्तर अपुरे राहील, कारण येथे मराठी भाषकाला इतरांपेक्षा अधिक सोपे जायला हवे. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, सुटणे-सोडणे, वाढणे-वाढवणे अशा जोड्या आहेत. पहिल्यात क्रिया आपोआप घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवून आणतो. प्राचीन इंग्रजीतही अशी प्रयोजक क्रियापदे स्वर बदलून होत असत. ती पद्धत पुढे लोपली, परंतु तिचे अवशेष राहिले: ‘सिट’ आणि ‘सेट’ म्हणजे बसणे आणि बसवणे, ‘फॉल’ आणि ‘फेल’ म्हणजे पडणे आणि पाडणे. झाड पाडणे याला इंग्रजीत अजूनही ‘फेल अ ट्री’ म्हणतात. त्याच रांगेत ‘राइझ’ म्हणजे वर येणे, वाढणे, आणि ‘रेझ’ म्हणजे वर उचलणे, वाढवणे. किमती ‘राइझ’ होतात, कर ‘रेझ’ केला जातो. प्रश्न आपणहून उद्भवला तर ‘अराइझ’, कोणी उपस्थित केला तर ‘रेझ’. ‘लाय’ म्हणजे पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, अंथरणे. येथील खरी अडचण अर्थाची नसून रूपांची आहे: ‘लाय’ चा भूतकाळ ‘ले’ असाच होतो आणि तिसरे रूप ‘लेन’, तर ‘ले’ चा भूतकाळ आणि तिसरे रूप दोन्ही ‘लेड’. खोटे बोलणे या अर्थाचा ‘लाय’ निराळाच, त्याचा भूतकाळ ‘लाइड’. ही रूपे पाठच करावी लागतात. इंग्रजी मातृभाषा असणारेही येथे चुकतात.

काही गटांत मात्र रचना सारखी असते आणि फरक केवळ भाषेच्या पातळीचा असतो. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभारात फ्रेंच आली, विद्येच्या क्षेत्रात लॅटिन होतीच, आणि त्यामुळे इंग्रजीत एकाच क्रियेसाठी दोन-तीन थरांतील शब्द साठले. ‘आस्क’ जुने आणि घरगुती, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेले, ‘इंटरोगेट’ लॅटिनमधले. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. आपणही ‘विचारणे’, ‘चौकशी करणे’ आणि ‘पृच्छा करणे’ यांत घरगुती, व्यवहारातले आणि संस्कृत वळणाचे असे थर वापरतोच, आणि मित्राजवळ पृच्छा करत नाही. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’ आणि ‘कमेन्स’ यांत ‘कमेन्स’ समारंभाच्या किंवा कायद्याच्या भाषेतले आहे. यंत्र सुरू करायला मात्र ‘स्टार्ट’ च लागते. गाडी ‘बिगिन’ होत नाही. येथे माझे मत स्पष्ट आहे: आपल्या विद्यार्थ्यांच्या पत्रांत ‘परचेस’, ‘कमेन्स’, ‘असिस्ट’ यांची फार गर्दी असते, कारण भारी शब्द म्हणजे चांगली भाषा असा समज शाळेतच रुजलेला असतो. ‘बाय’, ‘बिगिन’, ‘हेल्प’ यांनी काम होत असेल तेथे तेच ठेवावेत.

‘डू’ आणि ‘मेक’ यांच्यासाठी काम केले ते ‘डू’ आणि वस्तू घडवली ती ‘मेक’ असा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो थोडे अंतर बरोबर चालतो आणि मग साथ सोडतो. ‘डू होमवर्क’ आणि ‘मेक अ चेअर’ यांना तो लागू पडतो. ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक ॲन एफर्ट’, ‘डू डॅमेज’, ‘डू अ फेव्हर’ यांचे कारण त्यातून मिळत नाही. आपणही निर्णय ‘घेतो’, आज्ञा ‘देतो’ आणि चूक ‘करतो’, आणि त्याचे कारण कोणी विचारले तर आपल्याला सांगता येत नाही. परीक्षेचे उदाहरण येथे बोलके आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतो, म्हणजे दिशा बरोबर उलटी आहे. भारतात ‘गिव्ह ॲन एक्झाम’ सर्रास बोलले जाते आणि भारतीयांना ते कळते, परंतु बाहेरच्या वाचकाला तो परीक्षक बोलतो आहे असे वाटेल. अशा जोड्यांमध्ये तर्क लढवण्यात वेळ घालवू नये; नाम आणि क्रियापद एकत्रच लक्षात ठेवावे.

शब्दकोश कोणता वापरावा, हेही आता आपल्या लक्षात आले असेल. इंग्रजी-मराठी शब्दकोश वाचताना अर्थ कळण्यासाठी उत्तम आहे, परंतु लिहिताना क्रियापद निवडायचे असेल तर परभाषिक शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडावा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे सहकारी यांनी १९४२ मध्ये तेथेच छापलेल्या शब्दकोशात प्रत्येक क्रियापदाबरोबर ते कोणत्या वाक्यरचनेत बसते हेही नोंदवले होते, कारण त्यांचे विद्यार्थीही अर्थ जाणूनही वाक्यात अडखळत होते. आजच्या शिकणाऱ्यांच्या शब्दकोशांत ही सोय सगळीकडे आहे. नोंदवहीत ‘डिनाय म्हणजे नाकारणे’ असे लिहिण्याऐवजी ‘डिनाय डूइंग समथिंग’ आणि ‘रिफ्यूज टू डू समथिंग’ असे, रिकाम्या जागांसह लिहावे, आणि खाली स्वतःच्या आयुष्यातले एक खरे वाक्य जोडावे. आपली तीन वाक्ये आता ‘ही रिफ्यूज्ड टू कम’, ‘शी टोल्ड मी द ट्रुथ’ आणि ‘आय ॲम लुकिंग फॉर माय कीज’ अशी होतील. पुढच्या वेळी ‘सजेस्ट’ ची नोंद उघडून पाहावी: त्याच्यापुढे ‘इंग’ रूप आणि ‘दॅट’ ने सुरू होणारे उपवाक्य दिलेले दिसेल, ‘टू’ घेऊन येणारे क्रियापद दिसणार नाही, आणि ‘ही सजेस्टेड मी टू गो’ हे वाक्य का चालत नाही व त्याच्या जागी ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू गो’ का चालते, हे त्या नोंदीतूनच आपल्याला कळेल.